मुंगीचे शास्त्रीय नाव ठरवताना : पकडण्यापासून कंसापर्यंत

दर पावसाळ्यात ओळखीच्या निसर्गप्रेमींकडून माझ्याकडे मुंग्यांची छायाचित्रे येतात आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या काळ्या मुंगीखाली एकच नाव लिहिलेले असते : कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. कधी ते बरोबरही असते. पण ते कसे ठरवले असे विचारले, की मोबाइलमधल्या ॲपने सांगितले किंवा जालावरच्या एका चित्राशी जुळले, असे उत्तर मिळते. म्हणजे नाव आधी ठरते आणि मुंगी नंतर त्यात बसवली जाते. शास्त्रज्ञांचा क्रम नेमका उलटा असतो : आधी कुल, मग उपकुल, मग प्रजाती, मग जाती, आणि पुरावा जिथे संपेल तिथे थांबणे. त्याच क्रमाने प्रत्येक पायरीवर काय पाहायचे आणि कुठे घसरायला होते, ते पुढे दिले आहे.

दोन शब्दांचा घोळ आधीच मिटवलेला बरा. मराठी पाठ्यपुस्तकांत कुलाखाली प्रजाती आणि प्रजातीखाली जाती अशी उतरंड आहे. हिंदीत मात्र आपण ज्याला जाती म्हणतो त्याला ‘प्रजाति’ म्हणतात, आणि वर्तमानपत्री मराठीत तोच वापर शिरल्यामुळे ‘मुंग्यांच्या चौदा हजार प्रजाती’ अशी वाक्ये छापून येतात. चौदा हजारांहून अधिक आहेत त्या जाती. प्रजाती साडेतीनशेच्या आसपास आहेत. या लेखात ‘कॅम्पोनोटस’ ही प्रजाती आणि ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ ही जाती.

## १. तयारी : मुंगी पकडण्याआधी

लागणारे सामान थोडे आहे : झाकण घट्ट बसणाऱ्या लहान कुप्या, मऊ केसांचा बारीक कुंचला, टोकदार चिमटा, दहापट दाखवणारे भिंग, पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. घरातल्या बारीक मुंग्यांसाठी पुढे वीस ते चाळीसपट दाखवणारा, दोन्ही डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागेल. तो जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असतो आणि परवानगी मागितली तर बहुधा मिळतो.

कुपीत ७० ते ८० टक्के अल्कोहोल घालावे. पुढे डीएनए तपासायचा विचार असेल तर ९५ टक्के इथेनॉल हवे. नुसती शरीररचना पाहायची असेल तर औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. हात धुण्याचे जेल मात्र चालत नाही, कारण ते मुंगीवर वाळून चिकट पापुद्रा धरते आणि मग केस, खाचा, छिद्रे यांतले काहीच दिसत नाही.

एकाच मुंगीवर समाधान मानू नये. एकाच वारुळातून किंवा एकाच रांगेतून आठ-दहा मुंग्या घ्याव्यात, आणि लहान-मोठ्या आकाराच्या दिसत असतील तर प्रत्येक आकाराच्या घ्याव्यात. अनेक प्रजातींत कामकरी मुंग्याच दोन वा अधिक आकारांच्या असतात. मोठ्या डोक्याची आणि लहान डोक्याची मुंगी वेगवेगळ्या दिवशी पकडून दोन नावांनी नोंदवण्याची चूक पूर्वी तज्ज्ञांनीही केली आहे, तेव्हा नवख्याने तिच्यापासून दुप्पट सावध असावे.

चिठ्ठी कुपीच्या आत घालावी, बाहेर चिकटवू नये, आणि ती पेन्सिलीनेच लिहावी. माझ्या पहिल्या वर्षीच्या तीस-एक कुप्यांत बॉलपेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. दोन महिन्यांनी कपाट उघडले तेव्हा अल्कोहोल फिकट निळे झाले होते आणि चिठ्ठ्या कोऱ्या. मुंग्या उत्तम राहिल्या होत्या, पण कुठली कोण ते सांगता येत नसल्यामुळे सगळ्या टाकाव्या लागल्या. चिठ्ठीवर ठिकाण, तालुका व जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि मुंगी नेमकी कशावर होती ते लिहावे. ‘बागेत’ एवढे पुरत नाही. ‘पेरूच्या खोडावर, जमिनीपासून दीड मीटर, खाली उतरणाऱ्या रांगेत’ असे लिहावे.

सावधान : अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही मुंगी उचलू नये. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो. टपालाने परस्पर पाठवल्यास दंड होऊ शकतो.

## २. ती मुंगीच आहे का?

ही पायरी अनेकांना अपमानास्पद वाटते आणि म्हणूनच ती गाळली जाते. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाय सहाच आहेत का. पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंगीचे हुबेहूब सोंग घेणारा एक उडी मारणारा कोळी आपल्याकडे आढळतो. छायाचित्रात तो हमखास फसवतो, पण पाय मोजले की आठ निघतात. दुसरी, शृंगिका, म्हणजे बोलीभाषेतल्या मिशा, कोपरात वाकवलेल्या हातासारख्या आहेत का : आधी एक लांब दांडा आणि मग काटकोनात वळून बारीक मण्यांची माळ. तिसरी, धड आणि पोट यांच्यामध्ये स्पष्ट सुटी अशी एक किंवा दोन गाठींची कंबर आहे का.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणायची सवय असली, तरी वाळवी झुरळांच्या गोतातली आहे. तिच्या शृंगिका सरळ असतात आणि तिला कंबर नसते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले कीटक जमतात त्यांतही दोन्ही असतात. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. पुढची जोडी मोठी आणि मागची लहान असेल तर मुंगी. मखमली अंगाची, बिनपंखी, जमिनीवर लगबगीने फिरणारी ‘मखमली मुंगी’ ही खरे तर गांधीलमाशीच्या नात्यातली मादी असते. तिच्या कंबरेवर मुंगीसारखी उठून दिसणारी सुटी गाठ नसते.

तिन्ही गोष्टी जुळल्या की कुल ठरले : फॉर्मिसिडी.

## ३. उपकुल : कंबर आणि पोटाचे टोक

नाव ठरवण्याची खरी लढाई इथे जिंकली किंवा हरली जाते, म्हणून या पायरीवर वेळ घालवावा. मुंगीला कुशीवर ठेवून बाजूने पाहावे. वरून पाहिले तर कंबरेच्या गाठी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि चुकीच्या ओळखीचे सर्वांत मोठे कारण माझ्या अनुभवात हेच आहे.

पहिला प्रश्न : गाठ एक की दोन?

दोन गाठी असतील तर भारतात बहुधा मिर्मिसिनी हे उपकुल निघते. आपल्या घरातल्या-अंगणातल्या कितीतरी बारीक मुंग्या याच उपकुलातल्या आहेत. पण लगेच शिक्का मारू नये. मुंगी लांबट, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची आणि झाडाच्या खोडावरून एकटी हिंडणारी असेल तर ती स्यूडोमिर्मेसिनी उपकुलातली टेट्रापोनेरा असू शकते. त्यातली टेट्रापोनेरा रुफोनायग्रा, काळे डोके, तांबडे धड आणि काळे पोट असलेली, ज्याला एकदा चावली त्याला पुन्हा ओळखायला भिंग लागत नाही. आणि दोन गाठी असूनही डोळे मुळीच नसतील आणि मुंग्या शिस्तबद्ध रांगेत शिकारीला निघाल्या असतील तर डोरिलिनी उपकुलातल्या एनिक्टसचा विचार करावा.

दुसरा प्रश्न, गाठ एक असेल तर : पोट मध्येच आवळले आहे का?

पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडांमध्ये पट्टा आवळल्यासारखी खाच असेल आणि टोकाशी नांगी असेल तर ते पोनेरिनी उपकूल. हार्पेग्नॅथस, डायकामा, लेप्टोजेनिस या त्यातल्या. ओडोंटोमॅकससारख्या काही प्रजातींत ही खाच ठळक नसते, म्हणून एकट्या खाचेवर विसंबू नये, नांगीही पाहावी.

तिसरा प्रश्न, खाच आणि नांगी दोन्ही नसतील तर : टोकाचे छिद्र कसे आहे?

पोटाचे टोक भिंगाखाली आपल्याकडे वळवावे. तिथे बारीक गोल छिद्र आणि बहुधा त्याभोवती केसांची झालर दिसली तर उपकुल फॉर्मिसिनी. या छिद्रातून मुंगी फॉर्मिक आम्ल फवारते. गोल छिद्राऐवजी आडवी फट दिसली तर डॉलिकोडेरिनी. डोके काळे आणि पोट-पाय फिकट, साखरेच्या डब्याभोवती धुरासारखी पसरणारी टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम डॉलिकोडेरिनीतली आहे. तिच्या कंबरेची गाठ इतकी चपटी आणि पोटाखाली झाकलेली असते की पुष्कळांना कंबर नाहीच असे वाटते आणि ते दुसऱ्या पायरीवर परत जातात.

भारतातल्या मुंग्या एकूण दहा उपकुलांत विभागल्या आहेत. उरलेल्या उपकुलांतल्या मुंग्या पालापाचोळ्यात आणि मातीत दडून राहतात, आणि वरच्या तीन प्रश्नांत न बसणारी मुंगी सापडली तर ती नवख्याच्या हातची नाही असे समजून जपून ठेवावी.

तपासून पाहा : देवनागरीत लिहिताना उपकुलाचा शेवट आणि त्याखालच्या ‘ट्राइब’ या पायरीचा शेवट बहुतेक जण ‘इनी’ असाच करतात. रोमन लिपीत मात्र दोन्ही वेगळे आहेत : उपकुलाच्या नावाच्या अखेरीस ‘ए’ आणि ‘ई’ ही जोडी येते, ट्राइबच्या नावाच्या अखेरीस एकटा ‘आय’. टिपण करताना आपण कोणत्या पायरीबद्दल लिहितो आहोत तो शब्द सोबत लिहावा.

## ४. प्रजाती : शृंगिकेचे मणी मोजणे

इथून पुढे ओळखतक्ता लागतो, ज्याला अभ्यासक नुसते ‘की’ म्हणतात. त्यात दोन-दोन पर्यायांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक उत्तर पुढच्या जोडीकडे पाठवते. तक्ता आपल्या प्रदेशाचा असावा. बिंगहॅमचा १९०३ मधला ब्रिटिश भारतातील मुंग्यांवरचा ग्रंथ अजूनही वर्णनांसाठी उपयोगी पडतो, पण त्यातली नावे जशीच्या तशी उचलू नयेत. युरोप किंवा अमेरिकेतल्या मुंग्यांसाठीचा तक्ता भारतीय मुंगीला लावला तरी तो काही ना काही नाव देतोच, आणि धोका तोच आहे.

बहुतेक तक्ते लवकरच शृंगिकेचे खंड मोजायला सांगतात. मोजताना तळाचा लांब दांडा हा पहिला खंड धरायचा. तो सोडून मोजल्यामुळे बाराचे अकरा होतात आणि पुढचा सगळा रस्ता चुकतो. मिर्मिकॅरिया या प्रजातीच्या कामकरी मुंगीत फक्त सात खंड असतात, सोलेनॉप्सिसमध्ये दहा आणि त्यांतले शेवटचे दोन फुगून गदेसारखे झालेले, ॲनोप्लोलेपिसमध्ये अकरा, आणि फिडोलमध्ये सामान्यतः बारा, त्यांतल्या शेवटच्या तिनांची गदा. मी मोजताना कागदावर शृंगिका मोठी काढून प्रत्येक खंडावर आकडा घालतो. तोंडी मोजले की सहाव्या-सातव्या मण्यापाशी नजर घसरते. दोन्ही शृंगिका मोजाव्यात, कारण पकडताना एखादीचे टोक तुटलेले असते.

मोजणीइतकाच जोडणीचा पुरावा कामाचा असतो. क्रीमॅटोगॅस्टरमध्ये कंबर पोटाच्या समोरच्या टोकाला न जुळता वरच्या अंगाला जुळते, त्यामुळे ती मुंगी चिडली की बदामाच्या आकाराचे पोट डोक्यावरून पुढे वळवू शकते. एकदा हे पाहिले की प्रजातीपर्यंत ती चालता चालता ओळखता येते. कॅम्पोनोटसची खूण कमी नाट्यमय आहे : शृंगिकांची मुळे तोंडावरच्या पट्टीच्या मागच्या कडेपासून स्पष्टपणे मागे असतात, आणि धडाच्या मागच्या कोपऱ्यात इतर बहुतेक मुंग्यांत असणारे ग्रंथीचे छिद्र कामकऱ्यांत साधारणतः दिसत नाही. ‘मोठी, काळी, रात्री दिव्याखाली फिरते’ ही कॅम्पोनोटसची खूण नाही. मोठी आणि काळी डायकामाही असते, आणि ती तर पोनेरिनीतली आहे. तिच्या कंबरेच्या गाठीवर दोन काटे आणि अंगावर बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात.

सावधान : तक्त्यातल्या एखाद्या जोडीत दोन्ही पर्याय अर्धवट जुळत असतील तर ‘जवळचा’ निवडू नये. दोन्ही वाटांनी शेवटपर्यंत जावे, दोन्ही उत्तरे लिहावीत आणि मग पूर्ण वर्णनाशी ताडून पाहावीत. चित्र बघून तक्त्याच्या मधूनच सुरुवात करणे म्हणजे परत ॲपकडे जाणे.

## ५. जाती : बहुतेकांनी थांबावे ती जागा

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातून १०० प्रजाती आणि ८२८ जाती-उपजाती नोंदल्या आहेत. प्रजाती ओळखायला भिंग आणि चिकाटी पुरते. जाती ओळखायला त्या प्रजातीचा अलीकडचा अभ्यास आणि तुलनेसाठी खात्रीने ओळखलेले नमुने लागतात, आणि भारतातल्या कित्येक प्रजातींसाठी पहिलेच अजून झालेले नाही.

काही जाती मात्र सुरक्षित आहेत. झाडावर पाने शिवून घरटे करणारी तांबडी मुंगी म्हणजे इकोफिला स्मॅरॅग्डिना, कारण त्या प्रजातीतली भारतात हीच एक आढळते. लांब जबड्यांची, मोठ्या डोळ्यांची, उडी मारणारी हार्पेग्नॅथस सॉल्टेटर महाराष्ट्रात दुसऱ्या कशाशी गोंधळण्याजोगी नाही. पण मुंगळा किंवा डोंगळा म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक काळी मुंगी कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस नव्हे. पोटावर सोनेरी लव असलेली कॅम्पोनोटस सेरिसियस, करड्या रेशमी झाकेची कॅम्पोनोटस पॅरियस, आणि फिकट तपकिरी अंगाच्या काही जाती आपल्याच अंगणात असतात. जातीच्या पातळीवर केसांची ठेवण, डोक्याची रुंदी आणि शृंगिकेच्या दांड्याची लांबी पाहिली जाते. रंग शेवटी, कारण तो वयाने बदलतो आणि अल्कोहोलमध्ये उतरतो.

तुलनेसाठी प्रत्येक नमुन्याची तीन छायाचित्रे काढावीत : डोके समोरून, शरीर बाजूने, शरीर वरून. अँटवेब या संकेतस्थळावरची संग्रहालयीन नमुन्यांची छायाचित्रे याच तीन कोनांतून आहेत, त्यामुळे शेजारी ठेवून पाहता येतात.

खात्री नसेल तर नोंद ‘कॅम्पोनोटस एसपी.’ अशी करावी, म्हणजे प्रजाती ठरली पण जाती ठरलेली नाही. विशिष्ट जातीशी साम्य आहे पण पक्के नाही, तेव्हा प्रजाती आणि जातीच्या नावांमध्ये ‘सीएफ.’ लिहावे, त्याचा अर्थ ‘याच्याशी ताडून पाहा’. अशा नोंदीने कमीपणा येत नाही. माझ्या वहीत जातीपर्यंत पोचलेल्या नोंदी निम्म्याहून कमी आहेत.

## ६. मिळालेले नाव आज चालू आहे का?

तक्त्याने दिलेले नाव तक्ता छापला त्या वर्षाचे असते. घरातल्या वायरी कुरतडणारी एक मुंगी जेर्डनने १८५१ मध्ये ॲटा या प्रजातीत वर्णिली, पुढे ती दीर्घकाळ मोनोमोरियम डिस्ट्रक्टर म्हणून ओळखली गेली, आणि २०१५ मध्ये तिला ट्रायकोमिर्मेक्स प्रजातीत हलवले. २०१४ च्या फेरमांडणीत पॅकिकॉन्डिला ही प्रजाती अमेरिका खंडांपुरती उरली, त्यामुळे त्या नावाने नोंदलेल्या सगळ्या भारतीय मुंग्या आता वेगळ्या प्रजातींत आहेत. तरीही पॅकिकॉन्डिला नावाच्या भारतीय नोंदी मला दरवर्षी दिसतात.

म्हणून मिळालेले नाव अँटकॅट या सूचीत तपासावे. तिथे तीन शक्यता असतात : नाव ग्राह्य असते, नाव दुसऱ्या जुन्या नावाचे समानार्थी ठरलेले असते, किंवा जाती तीच पण प्रजाती बदललेली असते. दुसऱ्या प्रकारात जातीचे नावच बदलते, तिसऱ्यात फक्त पहिला शब्द आणि कधीकधी दुसऱ्याचा शेवट. दोन्हींना सरसकट ‘नाव बदलले’ म्हटल्याने गोंधळ होतो. नोंदीत मूळ तक्त्याचे नाव, त्याचे वर्ष आणि सूची पाहिल्याची तारीख ठेवावी.

## ७. नाव लिहिणे : कंस, लिंग आणि शेवटचे अक्षर

रोमन लिपीत दोन्ही शब्द तिरपे, प्रजातीचे पहिले अक्षर मोठे आणि जातीचे लहान. जाती माणसाच्या नावावरून असली तरी लहानच. पुण्यातून मिळालेल्या नमुन्यांवरून फोरेलने १८९० मध्ये वर्णिलेल्या कार्डिओकॉन्डिला रॉटनी या जातीला वनाधिकारी रॉटन यांचे नाव आहे. मुळात तिच्या शेवटी ‘आय’ हे अक्षर दोनदा आहे. ते एकदाच लिहून नाव ‘सुधारण्याचा’ अधिकार आपल्याला नाही. ‘एसपी.’ आणि ‘सीएफ.’ तिरपे करू नयेत.

वर्णनकर्त्याचे नाव आणि वर्ष जातीनंतर, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहितात. सर्वाधिक चुका कंसाच्या होतात. वर्णनकर्त्याने जाती आज आहे त्याच प्रजातीत ठेवली असेल तर कंस नाही. नंतर प्रजाती बदलली असेल तर कंस हवा. म्हणून हार्पेग्नॅथस सॉल्टेटर जेर्डन, १८५१, कंसाविना. आणि कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस (फॅब्रिशियस, १७८७), कारण फॅब्रिशियसने तिला फॉर्मिका कॉम्प्रेसा म्हटले होते. कंस शोभेचा नाही. तो पुढच्या अभ्यासकाला जुन्या प्रजातीत शोधायला सांगतो.

याच उदाहरणात कॉम्प्रेसाचे कॉम्प्रेसस झाले ते लिंगामुळे. फॉर्मिका स्त्रीलिंगी, कॅम्पोनोटस पुल्लिंगी, आणि विशेषण असलेले जातीचे नाव प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालते, जसे आपल्याकडे काळी मुंगी पण काळा मुंगळा. टॅपिनोमा नपुंसकलिंगी, म्हणून फॉर्मिका मेलॅनोसेफॅला ही टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम झाली. डिस्ट्रक्टरसारखे नाम असेल तर ते बदलत नाही.

## ८. कोणत्याच नावात बसत नसेल तर

नवी वाटणारी मुंगी बहुतेक वेळा फक्त आपल्याला नवी असते, तेव्हा आधी तिसऱ्या पायरीपासून सगळे पुन्हा करावे. तरीही न जुळल्यास काही नमुने सुकवून टाचणीवर चढवावेत. त्रिकोणी कागदी पट्टीचे टोक मुंगीच्या उजव्या बाजूने, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाखाली चिकटवतात. डिंक कंबरेवर किंवा पोटाच्या टोकावर जाऊ देऊ नये, नाहीतर ज्या खुणांसाठी ही सगळी खटपट केली त्याच झाकल्या जातात. बाकीचे नमुने अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि त्या प्रजातीवर काम करणाऱ्या संस्थेतल्या अभ्यासकाला छायाचित्रे पाठवावीत.

नव्या जातीसाठी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या अटी आहेत : इतरांपासून वेगळेपण सांगणारे वर्णन, १९९९ नंतरच्या प्रत्येक जातीसाठी स्पष्टपणे नेमलेला नामधारक नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधलेले असते) आणि तो कुठे ठेवला आहे याचा उल्लेख, आणि रीतसर प्रकाशन. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रकाशन असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणीही लागते. तोवर मनात योजलेले नाव वर्तमानपत्राला किंवा समूहांत सांगू नये. वर्णनाविना छापलेल्या नावाला संहितेत मान्यता नाही, पण ते एकदा पसरले की सूच्यांमधून काढायला वर्षे लागतात. कुपीवर तोपर्यंत ‘एसपी. १’ लिहावे, पेन्सिलीने.